बाविसावी चिठ्ठी

शिक्षकांच्या खोलीतलं खिडकीजवळचं टेबल दोघींचं होतं. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण एकोणीस वर्षं बोडिल आणि मेरेटे तिथं बसत आल्या होत्या. एखादा नवा माणूस चुकून तिथं डबा उघडून बसला, तर बाकीचे त्याला डोळ्यांनीच उठवत. बोडिल तिसरी अ ची वर्गशिक्षिका, मेरेटे संगीताची. एकीनं काळ्या पावावर लिव्हर आणायचं, दुसरीनं मासा, आणि अर्धा अर्धा तुकडा बदलायचा. एकोणीस वर्षांत दोघींचे मिळून दोन घटस्फोट झाले, एक कुत्रा मेला, तीन मुख्याध्यापक बदलले. तुकडे बदलायचं काही थांबलं नाही.

मग ऑगस्टात सिसेल आली.

सिसेल एकतीस वर्षांची. तिला तिसरी ब मिळाली. पहिल्याच दिवशी बोडिलनं तिचे ओले केस पाहिले आणि तिच्या मनात खुट्ट झालं. सकाळी आठ वाजता ओल्या केसांनी शाळेत कोण येतं? तर बाईसाहेब उजाडायच्या आत धक्क्यावरून समुद्रात उडी मारून येत. उन्हाळ्यात ठीक आहे, पण ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला, तरी केस ओलेच. आणि डिसेंबरातल्या एका सोमवारी मेरेटेचेही केस ओले होते.

"अगं बोडिल, काय सांगू तुला!" मेरेटेचे गाल लालबुंद झाले होते. "आधी जीव जातो, मग असं वाटतं की वीस वर्षांनी लहान झाले. उद्या तू पण चल."

"पाणी गार असतं," बोडिल म्हणाली.

"गार असतं म्हणून तर जायचं!" लांबच्या टेबलावरून सिसेल ओरडली, आणि दोघी हसल्या.

त्या दिवशी मेरेटे हसत हसत लांबच्या टेबलाकडे गेली आणि सिसेलशेजारी बसली. दुसऱ्या दिवशीही तिथंच बसली. नाताळापर्यंत तिचा माशाचा अर्धा तुकडा सिसेलच्या डब्यात जायला लागला. सिसेल मोबदल्यात काय देत होती? उकडलेलं गाजर. बोडिलनं हे खिडकीजवळून स्वच्छ पाहिलं. एकोणीस वर्षं लिव्हर खाऊ घातलं, आणि बाई गाजरावर गेली!

मेरेटेनं तिला आणखी दोनदा बोलावलं. एकदा बोडिल म्हणाली, सर्दी आहे. एकदा म्हणाली, माझ्याकडे नीट टॉवेल नाही. खरं कारण इतकं लहान होतं की पंचावन्न वर्षांच्या बाईनं ते तोंडातून काढायचं कसं? माझी मैत्रीण तिनं पळवली, एवढंच ते कारण होतं. वर्गातल्या पोरी रोज हेच गाऱ्हाणं घेऊन तिच्याकडे रडत येत. ती त्यांना मांडीवर घेऊन समजावी आणि नाक पुसायला कागद देई. स्वतःवर पाळी आली तेव्हा मात्र ती कपाटामागं उभी राहून सिसेलच्या सायकलीची हवा सोडावी का, याचा विचार करत होती. सोडली नाही, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं.

आमच्याकडे सगळंच मोजतात. वारा मोजतात, दुधातली साय मोजतात, आणि दर हिवाळ्याच्या शेवटी शाळेतल्या मुलांची खुशालीही मोजतात. प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी मिळते, तिच्यावर त्याचा आकडा. तो आकडा संगणकात घातला की प्रश्न येतात. तुला शाळेत यायला आवडतं का? तुला एकटं वाटतं का? सुट्टीत तुझ्यासोबत कोणी असतं का? लहान वर्गांना उत्तरासाठी तीन चेहरे असतात, हसरा, मधला आणि रडका. शेवटी एक रिकामी चौकट असते, तिच्यात मनातलं काही लिहायचं असलं तर लिहायचं.

"मुलांना बसवायच्या आधी तुम्ही एकदा करून बघा," मुख्याध्यापक प्रेबेननं सांगितलं. "म्हणजे ती अडली की तुम्हाला कळेल."

सरावाचं पान वेगळं होतं. त्याचा पत्ता प्रेबेननं सगळ्यांना पाठवला होता. बोडिलनं तो उघडलाच नाही. तिच्याकडे बावीस चिठ्ठ्या आल्या होत्या आणि वर्गात मुलं होती एकवीस. नाताळात माल्टे नावाचा मुलगा आईबरोबर उत्तरेला राहायला गेला होता, आणि त्याचं नाव यादीतून काढायचं कुणालाच सुचलं नव्हतं. उरलेली चिठ्ठी सरावाला बरी, असं म्हणून गुरुवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, ती रिकाम्या वर्गात मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसली.

भिंतीपलीकडे शिक्षकांची खोली होती. तिथं कॉफी चालली होती. आधी सिसेलचं हसू आलं, मग मेरेटेचं. मेरेटेचं ते हसू बोडिल ओळखत होती. नाकातून सुरू होऊन शिट्टीवर संपणारं. ते पूर्वी तिच्या विनोदांवर यायचं.

तुला शाळेत यायला आवडतं का? बोडिलनं मधला चेहरा दाबला.

तुला एकटं वाटतं का? तिनं रडका चेहरा दाबला.

सुट्टीत तुझ्यासोबत कोणी असतं का? पुन्हा भिंतीपलीकडून शिट्टी वाजली. बोडिलनं रडका चेहरा इतक्या जोरात दाबला की नख दुखलं. पुढचे सगळे तिनं तसेच दाबले. मग ती रिकामी चौकट आली. बोडिल दोन बोटांनी टाइप करते. तिनं हळूहळू लिहिलं: 'जिच्याशेजारी मी बसायचे ती आता दुसरीशेजारी बसते.'

पडद्यावर रंगीत फुगे उडाले आणि 'धन्यवाद, माल्टे!' असं आलं. बोडिलला जरा बरं वाटलं. तिनं नाक पुसलं आणि चिठ्ठी कचऱ्यात टाकली. सराव झाला, असं तिच्या मनानं धरलं होतं.

पुढच्या मंगळवारी तिच्या एकवीस मुलांनी आपापले चेहरे दाबले. बडबड्या अस्गरनं प्रत्येक प्रश्न मोठ्यांदा वाचला, म्हणून त्याला कोपऱ्यात बसवावं लागलं. विगानं चार मिनिटांत सगळं उरकलं आणि ती कोट चढवून बाहेर पळाली, कारण अकरा दहाची बोट यायची होती.

विगा नऊ वर्षांची. मैदानाच्या कुंपणापासून बंदर दिसतं, आणि समोरच्या छोट्या बेटावर जाणारी बोट दिसते. विगाकडे एक निळी वही होती. तिच्यात ती दर सुट्टीत बोट किती वाजता आली, किती वाजता गेली, वारा कुठला होता, हे लिहायची. दुसरीपासून लिहीत होती. कोणी विचारलं तर दाखवायची, नाही विचारलं तर तिचं काही अडत नव्हतं.

मार्चच्या मध्यावर निकाल आले. प्रेबेननं शिक्षकांच्या खोलीत पडदा लावला, मेणबत्त्या पेटवल्या, आणि सगळ्यांना दालचिनीचे पाव वाटले. वाईट बातमी असली की तो पाव आणतो, हे सगळ्यांना माहीत होतं.

"तिसरी ब," तो म्हणाला. पडद्यावर हिरव्या ठिपक्यांची रांग आली. मध्ये दोन पिवळे, तेवढेच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिसेल म्हणाली, "माझं काही नाही हं, मुलंच गोड आहेत." बोडिलनं पावाचा असा लचका तोडला की साखर मांडीवर पडली.

"तिसरी अ. बावीसपैकी बावीस मुलांनी उत्तरं दिली. शंभर टक्के, शाबास बोडिल." प्रेबेन थांबला. "पण यात एक ठिपका आहे."

हिरव्या रांगेच्या टोकाला तो ठिपका लालभडक बसला होता.

"नावं आपल्याला दिसत नाहीत, दिसूही नयेत," प्रेबेन म्हणाला. "पण या मुलानं चौकटीत काय लिहिलंय ते ऐका. ‘जिच्याशेजारी मी बसायचे ती आता दुसरीशेजारी बसते.’ म्हणजे मुलगी आहे."

बोडिलनं पाव खाली ठेवला. बावीसपैकी बावीस! तिला तेव्हा कुठं उमगलं की कचऱ्यात टाकलेल्या चिठ्ठीचा आकडा कचऱ्यात गेला नव्हता. तिचे कान तापले. आता बोलायचं, लगेच बोलायचं, हसून म्हणायचं, अरे प्रेबेन, माझीच गाढवासारखी चूक झाली. तिनं तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मेरेटे लांबच्या टेबलावरून उठली, खिडकीजवळ आली, आणि बोडिलच्या शेजारी बसली. तिचे डोळे पाण्यानं भरले होते.

"बिचारं लेकरू," ती म्हणाली. तिनं बोडिलच्या हातावर हात ठेवला. "आपण शोधून काढू तिला. तू एकटी नाहीस यात, कळलं?"

बोडिलनं तोंड मिटलं.

पुढचे दहा-बारा दिवस बोडिलसाठी डिसेंबरापासूनचे सगळ्यात सुखाचे दिवस होते, हे लपवून काय उपयोग? मेरेटे रोज खिडकीजवळ बसायची. माशाचा अर्धा तुकडा परत आला. दोघी डोकं जोडून वर्गाची यादी वाचायच्या, आणि लांबच्या टेबलावर सिसेल एकटी गाजर चावत बसायची. बोडिल त्या चावण्याचा आवाज ऐकायची आणि तिला जेवण अंगी लागायचं.

एकच गोष्ट टोचत होती. मेरेटेला ती लाल ठिपक्याची मुलगी तर हवी होतीच, पण तिला सोडून गेलेली मैत्रीण त्याहून जास्त हवी होती.

"मला सांग, कसली कार्टी असेल ती?" मेरेटे माशावर लिंबू पिळत म्हणायची. "इतके दिवस शेजारी बसायचं, आणि नवीन कोणी आली की उठून जायचं? काही वाटत नाही का?"

"तिला कळलंच नसेल कदाचित," बोडिल पावाकडे बघून म्हणायची.

"न कळायला काय झालं? डोळे आहेत ना! सापडू दे एकदा. चांगली समोर बसवून विचारणार आहे तिला."

बोडिलच्या ओठापर्यंत शब्द यायचे आणि लोणच्याच्या काकडीबरोबर खाली जायचे. आज नको, उद्या सांगू. उद्या मेरेटे सूप आणणार होती, म्हणून परवा सांगू.

आणि मग सिसेलनं विगा शोधून काढली.

"मला वाटतं मला माहितीय ती कोण ते," एका बुधवारी ती हळूच म्हणाली. ती खिडकीच्या टेबलाशी आली होती, तिसरी खुर्ची घेऊन, न विचारता. "मैदानावर माझी पाळी असते तेव्हा बघते मी. ती विगा. रोज कुंपणाशी एकटी उभी असते गं. पाठमोरी. आतडं तुटतं."

"विगा तशी नाही," बोडिल म्हणाली. "तिला बोट बघायची असते."

"मुलं असंच सांगतात," सिसेल म्हणाली, आणि मेरेटेनं मान हलवली. मेरेटेनं सिसेलकडे बघून मान हलवली, हे बोडिलला इतकं लागलं की विगाबद्दल पुढचं जे बोलायचं होतं ते राहून गेलं. तेवढ्यात तिघींच्या नावावर ठरून गेलं की विगाच्या आईला कळवायचं आणि विगासाठी सोबत्यांची पाळी लावायची.

पाळी लागली. वर्गातली दोन दोन मुलं रोज सुट्टीत विगाला खेळायला न्यायची. आमची मुलं शिक्षकांना नावानंच हाक मारतात, पण सांगितलेलं काम मन लावून करतात. अस्गरनं तर पहिल्याच दिवशी तिचा हात धरून तिला ओढत नेलं आणि दहा मिनिटं न थांबता आपल्या उंदराची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी आल्मानं तिला दोरीवर उडी मारायला लावली. तिसऱ्या दिवशी तिला फुटबॉलमध्ये गोलकीपर केलं. प्रत्येक जण शेवटी तिला विचारायचा, "आता बरं वाटतं का तुला?" आणि जाऊन पाळीच्या तक्त्यावर खूण करायचा.

पुढच्या बुधवारी विगा सुट्टीत सापडेना. बोडिलला ती मुलींच्या संडासात सापडली. आतून कडी लावून बसली होती.

"विगा, बाहेर ये गं."

"कोण आहे तिकडं?"

"मी एकटीच आहे."

कडी निघाली. विगा झाकणावर पाय वर घेऊन बसली होती. निळी वही पोटाशी धरली होती.

"पोट दुखतं," ती म्हणाली. मग वही उघडून दाखवली. "हे बघ. पाच दिवस रिकामे गेलेत. दुसरीपासून एक दिवस रिकामा नव्हता, मला कांजिण्या आल्या तेव्हा आईनं लिहिलेलं. बोडिल, मी सगळे हसरे दाबले होते. शपथ. मग संगणक खोटं का बोलला?"

"संगणक खोटं नाही बोलला," बोडिल म्हणाली.

"मग मी एकटी आहे का? आणि मला कळत नाही असं आहे का? आई म्हणते, काही मुलांना कळत नाही." विगानं तिच्याकडे वर पाहिलं. "मला काही झालंय का?"

बोडिलनं तिला नाक पुसायला कागद दिला, कारण तिला तेवढंच येत होतं. मग स्वतःलाही एक घेतला.

गुरुवारी प्रेबेननं बैठक बोलावली. विगाची आई आली होती. ती हॉटेलात काम करायची, पांढऱ्या कपड्यांवरच आली होती. ती सरळ म्हणाली, "महिन्यापूर्वी माझी मुलगी मजेत होती. आता मला दिवसातून दहा वेळा विचारते, मला मैत्रिणी का नाहीत? मला काय सांगायचं तिला?"

"मी सुचवू का?" सिसेल म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, आणि वाईट म्हणजे तिच्या मनातही तसंच होतं. "तिला माझ्या वर्गात येऊ दे. तिसरी ब मध्ये. नवी सुरुवात होईल. मी बघेन तिच्याकडे."

मेरेटे म्हणाली, "हे बरं होईल."

बोडिलच्या अंगाचा तिळपापड झाला. आधी मेरेटे, आता विगा! उद्या ही बाई येऊन माझी सायकल मागेल, परवा माझं आडनाव. तिला विगाची वही आठवली, झाकणावर घेतलेले पाय आठवले, पण खरं सांगायचं तर आधी रागच आला, आणि लाज मागून धापा टाकत आली. दोघांनी मिळून जे काम केलं ते एकट्या लाजेला तीन आठवड्यांत जमलं नव्हतं.

"विगा कुठंही जाणार नाही," ती म्हणाली. आवाज चढला होता. "मला उद्यापर्यंत वेळ द्या. उद्या वर्गाचा तास आहे. त्यानंतर मी सगळं सांगते."

"पण बोडिल..." प्रेबेन म्हणाला.

"उद्या," बोडिल म्हणाली आणि कोट घेऊन निघाली. घरी जाऊन तिनं खोबऱ्याचा केक केला.

शुक्रवारचा शेवटचा तास वर्गाचा असतो. दर वेळी एकजण घरून केक आणतो. तिसरी अ चा नियम साधा होता, केक ज्याचा, पहिला शब्द त्याचा, आणि तो बोलत असताना बाकीच्यांच्या तोंडात केक. पहिलीपासून हा नियम होता आणि तो बोडिलनंच केला होता, कारण अस्गरला गप्प करायचा दुसरा उपाय तिला सापडला नव्हता.

"आज तुझी पाळी नाही," आल्मा म्हणाली. "आज योहानची आहे."

"योहान पुढच्या वेळी आणेल. खा."

एकवीस तोंडं भरली. बोडिल उभी होती, मग ती बुटक्या खुर्चीवर बसली, म्हणजे सगळ्यांचे चेहरे तिच्यासमोर आले.

"तुम्ही सगळ्यांनी चेहरे दाबले ना, ते आठवतं?" ती म्हणाली. "त्यात आपल्या वर्गात एकजण एकटं आहे असं निघालं. आम्हाला वाटलं विगा. ती विगा नव्हती. तुमच्यातलं कोणीच नव्हतं. माल्टेची चिठ्ठी उरली होती, तिच्यावर मी उत्तरं दिली. ते रडके चेहरे माझे होते."

अस्गरनं घास न चावताच गिळला. "म्हणजे तू माल्टे झालीस?"

"हो."

"ही लबाडी आहे," आल्मा म्हणाली.

"पहिल्यांदा चूक होती. नंतर मी सांगितलं नाही, ती लबाडी." बोडिल विगाकडे वळली. "विगा, तुला काहीही झालेलं नाही. तू हसरे दाबलेस ते खरे होते. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. तुझे दिवस रिकामे गेले ते माझ्यामुळं. मी तुझी माफी मागते."

विगानं बराच वेळ चावलं. ती कुठलंही काम अर्धवट ठेवत नसे.

"सोमवारपासून मला कोणी खेळायला न्यायचं नाही," ती शेवटी म्हणाली.

"नाही न्यायचं."

"मला वाटलं तर मी येईन."

"तुला वाटलं तर ये."

"माझा उंदीर ऐकायचा राहिलाय पण," अस्गर कुरकुरला. विगा म्हणाली, "तो कुंपणाशी येऊन सांग. बोट नसेल तेव्हा."

मग आल्मानं हात वर केला. "बोडिल, तू एकटी का आहेस?"

असं एवढं साधं तिला कुणी विचारलं नव्हतं. "माझी एक मैत्रीण आहे," बोडिल म्हणाली. "ती माझ्याजवळ बसायची. मग नवीन बाई आली, आणि आता त्या दोघीच असतात. त्या दोघींची एक गंमत आहे, तिच्यात मी नाही."

एकवीस माना भिंतीकडे वळल्या. भिंतीवर पहिलीत मुलांनी रंगवलेला तक्ता होता. 'दोघं खेळत असतील आणि तिसरा आला, तर नाही म्हणायचं नाही.' अक्षरं वाकडी होती, पण वर्गाचा कायदा होता तो.

"मग ती चुकली!" अस्गर ओरडला. "तिनं नाही म्हटलं! तिला सांग ना, तक्ता दाखव!"

बोडिलला मनातून फार बरं वाटलं. डिसेंबरापासून ती मनात हेच म्हणत होती.

"खाली पण लिहिलंय," विगा म्हणाली.

"काय?"

"खाली. दुसरी ओळ." विगानं बोट दाखवलं, आणि वाचली. "‘तिसऱ्यानं विचारायचं.’" तिनं ओठावरचं खोबरं पुसलं. "तू विचारलंस का?"

बोडिलनं तक्त्याकडे पाहिलं. ती दुसरी ओळ बोडिलनं स्वतःच सांगितली होती. तेव्हा ती सहा वर्षांच्या मुलांना म्हणाली होती, बाजूला उभं राहून तोंड पाडायचं नाही, कोणाला ओळखू येत नाही ते, जाऊन विचारायचं.

"नाही," बोडिल म्हणाली. "नाही विचारलं."

"मग कसं कळणार?" विगा म्हणाली, आणि घड्याळाकडे पाहिलं.

तास सुटल्यावर बोडिलनं प्रेबेनच्या दारात उभं राहून त्याला सगळं सांगितलं. प्रेबेन लाल झाला, पांढरा झाला, मग म्हणाला की विगाच्या आईला तो आत्ताच फोन करतो, आणि वर काय कळवायचं ते सोमवारी बघू, आणि बोडिलला ताकिदीचं एक पत्र मिळेल. "मिळू दे," बोडिल म्हणाली. उरलेले केकचे दोन तुकडे बशीत घेऊन ती शिक्षकांच्या खोलीत गेली.

दोघी लांबच्या टेबलावर होत्या. मेरेटे काहीतरी सांगत होती, सिसेल टेबलावर हात आपटून हसत होती. बोडिलला वाटलं, बशी ठेवावी आणि घरी जावं. पण मग सोमवारी विगाला काय सांगणार होती?

"काय झालं? कळलं का कोण ते?" मेरेटेनं वर पाहून विचारलं.

"हो," बोडिल म्हणाली. "‘जिच्याशेजारी मी बसायचे ती आता दुसरीशेजारी बसते.’ ते माझं होतं, मेरेटे. उरलेल्या चिठ्ठीवर मी लिहिलं होतं."

सिसेल गोंधळली. "म्हणजे? ती मुलगी..."

"पंचावन्न वर्षांची आहे," बोडिल म्हणाली.

मेरेटेनं कॉफीचा कप खाली ठेवला. लाली तिच्या मानेपासून वर चढत गेली. कसली कार्टी असेल ती, समोर बसवून विचारणार आहे, हे सगळं तिला एकामागून एक आठवत असावं, कारण तिनं दोन्ही हात गालांवर दाबून धरले.

"आणि तीन आठवडे तू मला ते बोलू दिलंस," ती म्हणाली. "आणि त्या पोरीला..."

"हो."

"मी तुला तीनदा बोलावलं होतं, बोडिल. तीनदा! तू म्हणालीस टॉवेल नाही."

"टॉवेल आहे," बोडिल म्हणाली. "तीन आहेत." तिचा आवाज चिरकला, पण तिनं बशी सोडली नाही. "मी येऊ का?"

"कुठं?"

"तुमच्यात."

मेरेटे रागावलेली होती, आणि तिला तो हक्क होता. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"उद्या सकाळी साडेसहा," ती शेवटी म्हणाली. "पाणी तीन अंशांवर आहे."

"असू दे."

मेरेटे जागची हलली नाही. टेबलाखालून रिकामी खुर्ची सिसेलनं पायानं सरकवून दिली. ती सिसेलनंच सरकवावी, हे बोडिलला मुळीच आवडलं नाही. पण ती बसली.